युरियाची टाकी बंद करण्याआधी

मावसभावाच्या ट्रकमध्ये युरियाचा (एक्झॉस्टमधला घातक वायू कमी करण्यासाठी फवारल्या जाणाऱ्या द्रावणाचा) इशारा देणारा दिवा लागला, म्हणून गेल्या महिन्यात त्याच्यासोबत हैदराबाद रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो होतो. युरियाचा पंप गेला आहे, नव्याला बराच खर्च येईल, त्यापेक्षा युरिया चालू आहे असे गाडीच्या संगणकाला भासवणारी एक छोटी डबी बसवून देतो, मग युरिया भरायलाच नको, असे मेस्त्रींनी सुचवले. "धूर अजिबात दिसणार नाही, भाऊ," असेही ते म्हणाले. ते खरेच आहे आणि म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

गिरण्यांच्या चिमण्या पाहत वाढलेल्या आपल्या सोलापुरात काळा धूर म्हणजेच प्रदूषण, ही समजूत पक्की आहे. पण हवेतला ७८ टक्के नायट्रोजन, जो एरवी कोणाच्या वाटेला जात नाही, तो ज्वालेचे तापमान साधारण १५०० अंशांपुढे गेले की ऑक्सिजनशी संयोग पावतो. म्हणजे आग जितकी कडक, तितके नायट्रोजन ऑक्साइड जास्त, मग धूर दिसो वा न दिसो. (फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या वीज केंद्रासारख्या ठिकाणी कोळशातल्या नायट्रोजनचीही त्यात भर पडते, तिथे बर्नरला हवा टप्प्याटप्प्याने देऊन हे प्रमाण कमी करता येते.) हा वायू श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्यांचा त्रास वाढवतो आणि आपल्याकडच्या कडक उन्हात इतर वायूंच्या संगतीने जमिनीलगत ओझोन तयार करतो.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या वाहन-प्रदूषणाच्या मानकाने ट्रकच्या इंजिनासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दर युनिट कामामागे ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आणली. हे साधले ते प्रामुख्याने युरियामुळे. ३२.५ टक्के युरियाचे द्रावण तापलेल्या एक्झॉस्टमध्ये फवारले की त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडचे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये व पाण्यात रूपांतर करतो. पुढे ही व्यवस्था आहे, या भरवशावरच डिझेल वाचवण्यासाठी इंजिन अधिक कडक जळू दिलेले असते. त्यामुळे डबी बसवलेली नवी गाडी कागदावर बीएस-६ असली, तरी ते सगळे वायू थेट रस्त्यावर सोडते. पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची फक्त घनता मोजतात, म्हणून ती तिथे बिनदिक्कत पास होते. ही तपासणी बदलायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

भावाने शेवटी पंपच बदलला. जुना उघडला तेव्हा आत पांढरा खर साचलेला होता. कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने काही महिने शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून टाकीत ओतला होता, आणि आपल्या बोअरचे पाणी किती क्षारयुक्त असते, ते घरातल्या कोणत्याही नळाच्या तोटीवर दिसते. आता तो सीलबंद कॅनच घेतो.