पोळ्याचा पाऊस आणि फोनमधली पावती

आमचं वावर सेलू तालुक्यात, ओढ्याला लागून. चार एकर सोयाबीन, मधून तुरीची तासं. 2024च्या जुलैमध्ये एक रुपया भरून पीकविमा काढला, तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. पावती खिशात भिजेल म्हणून घडी घालायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवला. पुढं हाच फोटो कामाला आला.

ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी केली, म्हणजे कोणतं पीक पेरलंय त्याची सातबाऱ्यावर नोंद. 2021पासून हे काम शेतकऱ्यानं स्वतःच्या फोनवरून करायचं आहे. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. वावरात उभं राहून ॲपमधूनच काढावा लागतो, कारण त्यासोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मी कडूलिंबाखाली सावलीत उभा होतो तर फोन शेजारचा गट दाखवू लागला. मोकळ्यात येऊन दोन-तीन मिनिटं थांबलो, तेव्हा ठिकाण जागेवर आलं. भर दुपारच्या उन्हात पानं नुसती पांढरी दिसत होती. ऊन पाठीवर घेतलं, खाली बसलो, मग तासं स्पष्ट आली. वावरात रेंज नव्हती, पण फोटो फोनमध्ये राहतो. फाट्यावर जाऊन अपलोड केला. घरी आल्यावर लक्षात आलं, तूर नोंदवायची राहिली. दुरुस्तीला 48 तास असतात, त्यात मिश्र पीक टाकून घेतलं.

1 सप्टेंबरच्या रविवारी पाऊस लागला तो दुसऱ्या दिवशी पोळ्यालाही थांबला नाही. बैल मारुतीला नेताच आले नाहीत, दारातच ओवाळले. मंगळवारी सकाळी ओढ्याचं पाणी वावरात गुडघाभर. शेंगा नेमक्या भरत होत्या.

अण्णा फावडं घेऊन धुऱ्याकडं निघाले. मी फोन काढला तसे म्हणाले, “फोटू काढून पाणी वसरतंय का? आधी वाट करून दे पाण्याला.”

“अण्णा, इम्यावाल्यांना नुकसान कळवायला बहात्तर घंटेच हायेत. वाट पण करू, पण पाणी हाय तवरच फोटो घेऊ द्या.”

ते थांबले. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती, ती कोरड्या रुमालानं पुसली. पहिल्या फोटोत नुसतं मातकट पाणी दिसलं; ते कोणाचंही वावर असू शकलं असतं. म्हणून पुढच्या फोटोत धुऱ्यावरचं कडूलिंब आणि विहिरीचा कठडा घेतला. अण्णांनी फावड्याचा दांडा पाण्यात रोवून धरला, खोली कळावी म्हणून. मग शेंगा. फोन फार जवळ नेला की चित्र धूसर होतं, हे तिथंच कळलं. वीतभर मागं आलो, पडद्यावर शेंगेवर बोट टेकवलं, तेव्हा शेंगेवरचा चिखलसुद्धा दिसला.

लाइट रविवारपासून नव्हती. बॅटरी पंधरा टक्के. ट्रॅक्टरवर फोन चार्जिंगला लावला आणि फाट्यावरच्या उंचवट्यावर गेलो. पीकविम्याच्या ॲपमध्ये मोबाईल नंबर, ओटीपी, हंगाम, वर्ष भरलं, मग अर्ज क्रमांक मागितला. कागदाची पावती घरातल्या ओल्या पिशवीत, शाई पसरलेली. फोनमधली पावती मोठी करून एकेक आकडा अण्णांना वाचून दाखवला, त्यांनी तो परत म्हटला, मी टाकला. फोटो-व्हिडिओ चढवताना ॲप दोनदा अडकलं. बुधवारी पहाटे, गाव झोपेत असताना, एका दमात गेलं. डॉकेट आयडी, म्हणजे सूचना नोंदल्याचा क्रमांक आला, त्याचा लगेच स्क्रीनशॉट घेतला.

नुकसानीच्या पाहणीला विम्याचा माणूस आला तेव्हा पाणी ओसरून आठवडा झाला होता. वरून पीक उभंच दिसत होतं. त्याला तारखेसकट फोटो दाखवले. दांडा किती बुडालाय हे त्यानं दोनदा मोठं करून पाहिलं आणि मग खाली वाकून शेंगा फोडल्या. आतले दाणे काळे पडलेले. त्यानंतरच नुकसानीची टक्केवारी लिहिली.

शेजारच्या काकूंचं मात्र राहून गेलं, आणि ते मला अजून लागतं. त्यांचं वावर आमच्यापेक्षा खोलगट, नुकसान जास्त. फोटो मी काढून दिले होते. पण पावती पत्र्याच्या पेटीत होती, पेटीत पाणी शिरलं, आणि अर्ज क्रमांक काढून द्यायला विमा भरायचं केंद्र उघडलं ते लाइट आल्यावर. तोवर बहात्तर तास उलटले होते. मी जुलैत त्यांच्याच रांगेत मागं उभा होतो. तेव्हा त्यांच्या पावतीचाही फोटो घेतला असता तर!

2025च्या खरिपापासून एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणीच्या प्रयोगावर, म्हणजे निवडक वावरांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठरू लागली, त्यामुळं नुकसान बहात्तर तासांत कळवायची तशी पूर्वसूचना त्या हंगामात लागली नाही. ई-पीक पाहणी मात्र लागतेच. त्याशिवाय हमीभावाच्या केंद्रावर सोयाबीनची नोंदणी होत नाही. त्या वर्षी आमच्या आधी काकूंच्या वावरात गेलो. विम्याचा अर्ज भरला त्या दिवशी केंद्राच्या ओट्यावरच त्यांची पावती पसरली, चारी कोपरे त्यांनी बोटांनी दाबून धरले, आणि दोन फोटो काढले. एक माझ्या फोनमध्ये, एक त्यांच्या नातीच्या.