तुम्ही विचारलंत म्हणून : गळ टाकायला कुठे यायचं?

दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. पुण्या-मुंबईचे मित्र फोनवर विचारतात, त्यांची कॉलेजातली मुलं विचारतात, कोलाडच्या नाक्यावर हातातली काठी बघून एखादा अनोळखी माणूसही विचारतो, "नदीवर मासे धरायला चांगली जागा कुठली? आणि तिथे कुणी अडवत नाही ना?"

मी जागा सांगतो. आमच्यातले काही जुने लोक म्हणतात, सांगू नये, चार गाड्या आल्या की डोह संपला. त्यांची काळजी मला कळते, पण म्हणणं पटत नाही. ज्या नदीवर माणूस उतरत नाही, तिचं पाणी काळं पडलं तरी ओरडायला कुणी उरत नाही. 1839 मध्ये सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खडशीचं, म्हणजे आपल्या दख्खनी महाशीरचं, पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. तो मासा त्याला कुठल्या दुर्गम घाटात मिळाला नव्हता. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळाला होता. आज त्या पाण्याशेजारून रोज लाखो माणसं पुलावरून जातात आणि नाक दाबून पुढे होतात. पुण्याच्या काठावर गळ टाकणारी, धुणं धुणारी, पोहणारी माणसं राहिली असती तर नदीचं गटार होताना इतकी शांतता राहिली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तर, जागा. मी रायगडचा, त्यामुळे रायगडचंच सांगेन. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर डोहांपुरत्या उरतात, मधला सगळा पसारा धोंड्यांचा. कुंडलिका तशी नाही. भर मे महिन्यात ती भिऱ्यापासून खाली वाहती असते, कारण तिच्यात घाटावरचं पाणी येतं. मुळशी धरणात अडवलेलं, मूळचं भीमेच्या खोऱ्यातलं, पूर्वेकडे जायचं ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि वीज करून झाली की नदीत सुटतं. कर्जतकडची पेज आणि खोपोलीखालची पाताळगंगा याच कारणाने उन्हाळ्यात जिवंत असतात. या धरणासाठी मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1921 मध्ये सेनापती बापट त्यांच्या बाजूने सत्याग्रहात उतरले, तरी धरण झालंच, आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आमच्या नदीच्या उन्हाळी पाण्याची किंमत अशी दुसऱ्यांनी मोजलेली आहे. म्हणून कुणी या नदीला 'आमच्या प्लॉटची नदी' म्हणालं की मला सहन होत नाही.

या वाहत्या, गार पाण्यात वाम मिळते, शिंगाळी मिळते, मरळ कडेच्या संथ पाण्यात लव्हाळ्याच्या बुडाशी बसलेली असते. खाली रोह्याच्या पुढे भरतीचं पाणी चढतं, तिथे जिताड्याचं राज्य. गांडुळं, कणकेची गोळी, छोटी कोळंबी, एवढ्यावर सकाळ निघते. महागडी रीळ घेऊन आलात तरी चालेल, पण इथल्या पोराच्या बांबूच्या काठीला तुमच्याआधी मासा लागला तर नवल वाटून घेऊ नका. त्याला धोंडे ठाऊक आहेत.

आता दुसरा प्रश्न, अडवतात का?

हो. अडवतात. आणि मला खरं बोलायचं आहे ते याबद्दलच.

नदीचं पात्र आणि वाहतं पाणी कुणा एकाचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचे तळ आणि वाहतं पाणी सरकारची मालमत्ता, म्हणजे तुमची-माझी. पण पात्रात उतरायचं तर आधी काठावर पोचावं लागतं, आणि काठ खासगी झाला आहे. गेल्या काही वर्षांत 'रिव्हर टच' ही जाहिरात तुम्हीही वाचली असेल. शेतजमीन विकली जाते, तिचे तुकडे पडतात, तारेचं कुंपण येतं, मग दगडी भिंत, मग लोखंडी गेट. ज्या वाटेने गावची गुरं पाण्यावर जायची, बायका धुणी घेऊन उतरायच्या, ती वाट गेटच्या आत जाते. गेटवर उभा असतो तो शेजारच्याच गावातला पोरगा. तो ओळख देतो, "काका, माझा इलाज नाही, सायबांनी सांगितलंय" म्हणतो, आणि त्याच्याशी भांडावंसं वाटत नाही, कारण ती नोकरी त्याच्या घराला लागते.

आमच्या बाजूचा एक उतार असाच गेला. नाव घेत नाही. चिंचेच्या झाडाखालून खाली जाणारी, बैलगाडी जाईल एवढी वाट. आज तिथे हिरवळ लावली आहे आणि नदीच्या धोंड्यांवर पांढऱ्या खुर्च्या मांडलेल्या असतात. संध्याकाळी मोठ्याने गाणी लागतात. नदी तीच, पाणी तेच, फक्त तिथे बसायला आता खोलीचं भाडं भरावं लागतं.

माझ्यासारख्याचं यात फार नुकसान होत नाही. मी दुसरा उतार शोधीन. नुकसान होतं ते कातकरी वाडीचं. नदीतले मासे, चिंगळी, ओढ्यातले मुठे म्हणजे खेकडे, हा त्यांच्या जेवणातला भाग आहे, हौस नाही. वाडीतल्या बायका दुपारी पाण्यात कंबरेपर्यंत उतरून, दगडाखाली हात घालून जे काढतात त्यावर संध्याकाळचं कालवण ठरतं. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाण्यातले मासे आणि इतर उत्पन्न वापरण्याचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण तो वनजमिनीपुरता. नदी जंगलातून बाहेर पडून खासगी प्लॉटांमधून वाहू लागली की तो हक्क वाडीच्या कामाचा राहत नाही. दोन कोस वळसा घालून पाण्यावर जायचं, की गेटवरच्या माणसाच्या विनवण्या करायच्या? बहुतेक जणी जाणंच सोडून देतात.

याबाबतीत काही करता येतं का, असं तुम्ही विचाराल तर येतं, पण वेळेत. गावनकाशा काढा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. ती रेष नदीपर्यंत जात असेल तर तुमच्या हातात पुरावा आहे. 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा अजून लागू आहे. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदार अडथळा दूर करायला सांगू शकतो, मात्र अर्ज अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे. अडचण अशी की हा कायदा शेतीच्या, गुरांच्या वाटेसाठी आहे. गळ टाकणाऱ्यासाठी त्यात जागा नाही. म्हणजे ती वाट वापरणारा शेतकरी, गुराखी पुढे आला तरच ती वाचते, आणि शेती सुटत चालली की वाटेला वारस उरत नाही. कुंपण येतं ते अशाच वर्षी, जेव्हा गावात बोलणारं कुणी नसतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो : वाट वापरत राहा, तिचे फोटो काढून ठेवा, ग्रामसभेत तिचं नाव घ्या. आणि बांधकाम पाण्याच्या फार जवळ आलं असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते, तिच्या आत बांधकाम करता येत नाही.

कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद, हे आमच्या जिल्ह्याने पूर्वीही पाहिलं आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचं ठरवलं, आणि तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन त्या पाण्याला हात लावावा लागला. पुढे कोर्टकचेरी 1937 पर्यंत चालली. त्या लढ्याची आणि नदीवर जाण्याच्या वाटेची बरोबरी मी करत नाही. तिथे माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. पण ठराव झाला म्हणून पाणी खुलं होत नाही, त्याच्याकडे चालत जावं लागतं, हे मी तिथूनच शिकलो.

पाण्याचं काय, तर तिथेही सुखाची गोष्ट नाही. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले जे 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले त्यांतले 53 महाराष्ट्रातले होते, कुंडलिका त्यांत होती. म्हणून जिताड्यासाठी खाडीच्या तोंडाकडे विचारणाऱ्याला मी आधी तिथल्या कोळ्यांशी बोलायला सांगतो. पाण्याला वास आहे की नाही, मासा मऊ लागतो का, हे त्यांना कुठल्याही अहवालाआधी कळतं.

वरच्या अंगाला त्रास वेगळा. जिलेटिनची कांडी, ब्लीचिंग पावडर, आणि हल्ली बॅटरीचा करंट. कांडी फुटली की वर तरंगतात ते मासे दिसतात. बुडाला बसतात ते दिसत नाहीत, पिल्लं तर मोजायलाही उरत नाहीत. एका बारात डोह वर्षभरासाठी मुका होतो. स्फोटकांनी आणि विषाने मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली. हे प्रकार रात्री, आणि जिथे कुणी फिरकत नाही अशाच डोहांवर होतात. पहाटे गळ घेऊन येणारी दोन माणसं असतील तर कांडी टाकणारा दुसरीकडे जातो, हे मी पाहिलं आहे. जागा लपवून ठेवू नये, या माझ्या मताला हेही एक कारण.

आणि वलगण. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन धावायला लागले की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यातून थेट भातखाचरांत शिरतात. रायगडात लहानाचा मोठा झालेला माणूस त्या रात्रीसाठी थांबलेला असतो. बॅटऱ्या घेऊन, पाग म्हणजे फेकायचं जाळं घेऊन, हाताला येईल ते घेऊन सगळी आळी शेतात. त्या रात्रीचं कालवण मीही आवडीने खाल्लं आहे आणि ती परंपरा मोडा असं म्हणण्याचा माझा अधिकार नाही. पण पूर्वी शेतकरी आपल्या खाचरापुरते धरायचा, चढलेल्यांतले निम्मे सुटायचे. आता ओढ्याच्या तोंडावर आडवं बारीक जाळं लागतं आणि पोती भरून मासा बाजारात जातो, गाभोळीसकट, म्हणजे पोटातल्या अंड्यांसकट. समुद्रावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी ती पाळतात. त्याच दिवसांत ओढ्यांवर मात्र नदीची पुढची पिढी विकली जाते. ओढ्याचं तोंड मोकळं ठेवायचं, एवढा एक नियम गावाने केला तरी पुष्कळ होईल. बाहेरून येणाऱ्यांना मी जून-जुलैत येऊच नका म्हणतो, आणि यावर मी वाद घालत नाही.

तुम्ही म्हणाल, माणसं आली की मासे संपणारच. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, एकदा जाऊन या. वरदायिनी देवीचा डोह, आणि त्यात महाशीर. कुणीही काठावर जावं, चुरमुरे, कणीक टाकावी, मोठमोठे मासे वर येऊन खातात. तिथे गळ टाकत नाहीत, पाग टाकत नाहीत, देवाचे मासे म्हणून. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या देवळापाशीही असेच मासे राखलेले आहेत. दोन्ही ठिकाणी कुंपण नाही. रोज माणसं येतात म्हणून तो डोह राखला जातो, कारण वाईट करणाऱ्यावर रोज डोळे असतात. आमच्या कुंडलिकेवर असे दोन-तीन कोंड गावांनी मिळून 'इथे धरायचं नाही' म्हणून ठरवावेत, देवाच्या नावाने ठरवले तरी चालेल, आणि बाकीची नदी सगळ्यांना उतरायला मोकळी असावी, अशी माझी इच्छा आहे. ग्रामसभेत मी हे मांडतो. काही जण ऐकतात.

तेव्हा या. फेब्रुवारी ते मे या. भिऱ्यापासून कोलाडपर्यंत पुलांजवळचे उतार अजून बरेच मोकळे आहेत. गावात शिरून एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, तो बोटाने दाखवील. सकाळी राफ्टिंगसाठी पाणी सुटतं तेव्हा नदी राफ्टवाल्यांची, पाणी ओसरलं की तुमची. पाण्याची वेळ आदल्या दिवशी गावातच विचारून घ्या, कारण वीजघर सुरू झालं की पातळी अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत बघता बघता चढते आणि मधल्या धोंड्यावर बसलेला माणूस अडकतो. पोरं बरोबर असतील तर मधल्या धोंड्यावर जाऊच नका. हाताएवढ्यापेक्षा लहान मासा परत सोडा, खडशी लागली तर कितीही मोठी असो, सोडा. नायलॉनची तुटलेली दोरी खिशात घालून न्या, त्यात पाणकावळे अडकतात. आणि गाडी उतारावर आडवी लावू नका. दुपारी म्हशी तिथूनच पाण्यावर जातात, आणि म्हशी जातात तोवरच ती वाट नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणार आहे.