चारचौघांत

2019 सालच्या ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली, तेव्हा कोणत्याही दिंडीत नाव न नोंदवता मी तिच्या मागे एकटाच चालू लागलो. मला अठरा वर्षे पूर्ण झाली होती, त्यामुळे ज्या बालगृहात मी लहानाचा मोठा झालो ते नुकतेच सुटले होते. गळ्यातल्या कापडी पिशवीत आधार कार्ड, अधीक्षकांनी दिलेले पत्र आणि साठवलेले दोन हजार तीनशे रुपये होते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटर अंतर चालून झाल्यावर पुढे काय करायचे, याचा विचार मी मुद्दामच केला नव्हता.

वारीत पहिला प्रश्न असतो तो "कुठल्या दिंडीतले?" आणि माझ्या वयाच्या मुलाला दुसरा, "संगं कोण आहे?" मी दोन्हींचे उत्तर एकच ठेवले होते: आई-वडील मागच्या दिंडीत आहेत. पालखीच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक, त्यामुळे "मागे" म्हटले की कोणी शोधायला जात नाही.

पुण्यात पालखीचा मुक्काम भवानी पेठेत असतो. तिथे गोपीचंदन लावलेल्या एका गृहस्थांनी मला प्रेमाने हाक मारली आणि गर्दीतून बाजूला, चहाच्या गाड्यामागे नेले. माझी उपासमार त्यांना म्हणे बघवत नव्हती. दिंडीची भिशी भरली की दोन वेळचे जेवण, तंबूत पथारीपुरती जागा आणि ट्रकमध्ये सामान, असे त्यांनी समजावले आणि आठशे रुपये घेतले. त्यांनी सांगितलेल्या क्रमांकाच्या दिंडीत मी दोन दिवसांनी हडपसरला पोहोचलो, तेव्हा तिथे त्यांना कोणीच ओळखत नव्हते. पैशांपेक्षा मला त्या "बाळा" म्हणण्याचा राग अधिक आला.

दिवे घाट चढताना एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातात आपली पडशी दिली. "धर जरा, चपलेचा बंद बांधते," एवढेच त्या म्हणाल्या. माझे नाव विचारले नाही, गावही विचारले नाही. पडशी घेऊन मी पळालो असतो तर त्या मला गाठू शकल्या नसत्या, हे मला चांगलेच कळत होते आणि त्यांनाही कळत असावे. सासवडला त्यांनी मला आपल्या दिंडीच्या प्रमुखांपुढे उभे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "हे लेकरू आपल्यात जेवंल, भांडी घासंल." प्रमुखांनी वहीत नाव लिहिले आणि भिशी जमेल तशी दे म्हणाले. आजी परभणीकडच्या होत्या. त्यांच्यापाशीही मी आई-वडिलांची तीच थाप मारली. त्यांनी ऐकून घेतली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्या दिंडीत पखवाज वाजवणारे एक काका होते. ते फार बोलत नसत, कोणाशी हसतही नसत. वाल्ह्याहून निघालेली पालखी नीरा नदीवर थांबते आणि माउलींच्या पादुकांना स्नान घातले जाते. आम्हीही अंघोळीला उतरलो आणि काका कपड्यांजवळ बसून राहिले. वर आलो तर माझी पिशवी नव्हती. मी आजींना गर्दीतून बाजूला घेतले आणि हळूच म्हणालो की काकांवर माझा संशय आहे.

"मला कानात सांगू नगं," आजी म्हणाल्या. "काय बोलायचं ते त्यांच्यासमोर, चारचौघांत बोल."

मी बोललो. काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी पखवाजाची खोळ उघडली, मग आपली पडशी जमिनीवर रिकामी केली: दोन धोतरे, हरिपाठाची पोथी, औषधाच्या गोळ्या आणि एक फुटका आरसा. तो आरसा पाहायचा मला काहीच अधिकार नव्हता.

संध्याकाळी लोणंदच्या तळावर समाज आरतीसाठी सगळ्या दिंड्या गोळा झाल्या. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात आणि मग ती ऐकून घेतली जाते. आमच्या दिंडीने टाळ खाली ठेवले होते. तक्रार करण्याचा हक्क काकांचा होता आणि ते गप्प उभे होते. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा सुरू झाली आणि नदीकाठी एक कापडी पिशवी सापडल्याचे मी ऐकले. कपडे उचलताना ती माझ्याकडूनच पडली असावी.

पिशवीत काय आहे ते सांगितल्याशिवाय ती मिळणार नव्हती. आधार कार्ड म्हणालो, पैसे म्हणालो, आणि पत्र कोणाचे असे विचारल्यावर बालगृहाचे नाव घ्यावे लागले. आजी आणि काका मागेच उभे होते. आजींनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "चल, भांडी पडलीत," म्हणाल्या. पत्र आणि पैसे जसेच्या तसे होते. ज्या बाईंनी पिशवी आणून दिली होती, त्या कोण हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

त्या रात्री कीर्तनात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई या पोरक्या भावंडांची कथा निघाली. एरवी मी अशा ठिकाणाहून उठून जातो, कारण त्या चौघांना निदान एकमेकांचा आधार होता. त्या रात्री मात्र बसून राहिलो, कारण काका माझ्या शेजारी येऊन बसले होते आणि उठणे बरे दिसले नसते.

मी माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी, तरडगावच्या वाटेवर, चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण आटोपल्यावर, सगळी दिंडी बसलेली असताना. काकांनी मान हलवली आणि पखवाजाच्या डाव्या पुडीवर नाद घुमावा म्हणून लावलेली, आता वाळलेली कणीक नखाने खरवडत म्हणाले, "स्वयंपाकातून मूठभर पीठ आण. पातळ भिजव, कालच्यासारखं घट्ट नको."