नवऱ्याने मागितलेली पोटगी

अंतरिम पोटगीचे अर्ज कौटुंबिक न्यायालयात रोजच चालतात. त्या दिवशी मात्र पोटगी मागणारा नवरा होता. अपघातात मणक्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही, प्रमाणपत्रावर 85 टक्के दिव्यांगत्व. पगारदार पत्नी वेगळी राहत होती. मी नवऱ्यातर्फे उभा होतो.

अशा नवऱ्याला कायद्यात दारं मोजकीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, पत्नी, मुलं आणि आईवडिलांसाठी आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा स्त्रियांसाठी. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर तिथेही पोटगी पत्नीलाच. उरतं हिंदू विवाह कायद्याचं कलम 24. ते दोघांनाही खुलं आहे, पण एकटं चालत नाही. त्याच कायद्याखालचा मूळ दावा चालू असावा लागतो. नुसतं 'आम्ही वेगळे राहतो' एवढ्यावर केलेला अर्ज टिकत नाही. म्हणून आधी कलम 9 खाली नांदण्याचा दावा दाखल केला आणि त्यात 24 चा अर्ज दिला. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील देतं, उत्पन्न न पाहता. हे फार जणांना ठाऊक नसतं.

प्रमाणपत्र जोडलं की काम झालं असं बऱ्याच पक्षकारांना वाटतं. ते खरं नाही. टक्क्यांवरून रक्कम निघत नाही, ती खर्चाच्या तक्त्यावरून निघते. आमच्या तक्त्यात दिवसाला 5 प्रमाणे महिन्याला 150 कॅथेटर (लघवीच्या नळ्या), डायपर, फिजिओथेरपी, दोन पाळ्यांचे मदतनीस आणि व्हीलचेअरची एअर कुशन होती. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून ही कुशन लागते आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. औषधांची बिलं होती. मदतनिसांचा पगार मात्र रोखीने जायचा, सहीचं व्हाउचरही नव्हतं. कोर्टाने नेमकी तीच रक्कम निम्म्यावर आणली. यूपीआयने दिला असता तर बँकेचा उतारा पुरला असता.

सामनेवालीचा, म्हणजे पत्नीचा, बचाव होता की हे घरबसल्या शेअर ट्रेडिंग करतात. आम्ही डिमॅट खात्याचा उतारा दिला. त्यात अपघातानंतर एकही व्यवहार नव्हता. पण खरी कलाटणी मिळाली तिच्याच कागदांतून. 'रजनेश विरुद्ध नेहा' या 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. सोबत तिची आयकर विवरणपत्रं आली. त्यात कलम 80डीडी खाली 1,25,000 ची वजावट होती. जोडीदार दिव्यांग असून उदरनिर्वाहासाठी पूर्णपणे किंवा मुख्यत्वे आपल्यावर अवलंबून असेल तरच ही वजावट मिळते, आणि एवढी रक्कम 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तरच.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, हे आयकर खात्यासाठी तुमच्यावर अवलंबून आहेत, आणि कोर्टासाठी नाहीत?"

नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे जुन्या वर्षांची विवरणपत्रं मागवायला विसरू नये.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर झाली. रक्कम फक्त त्याच्या एकट्याच्या खात्यात जमा करायची, असंही आदेशात लिहून घेतलं, कारण संयुक्त खात्याचं एटीएम कार्ड पत्नीकडे होतं. पैशाइतकीच मोलाची दुसरी ओळ होती: दावा निकाली निघेपर्यंत पत्नीने कंपनीच्या मेडिक्लेममधून त्याचं नाव काढायचं नाही. बाहेर नवी पॉलिसी घ्यायची तर आधीपासूनच्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं.

हप्ते थकले तर पत्नी जसा 144 खाली तुरुंगवासाचा धाक दाखवू शकते, तसा नवरा दाखवू शकत नाही. दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून पगार जप्त करावा लागतो. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. आणि उद्या घटस्फोट झालाच तर ग्रुप मेडिक्लेमचं छत्रही जातं. म्हणून कलम 25 खाली कायमची पोटगी मागताना उपचाराचा खर्च वेगळा दाखवून एकरकमी मागावा.