तिसरी सीडी

दुपारी अडीच वाजता भाच्याचा मेसेज आला. "मावशी, एखादा डार्क मिस्ट्री ॲडव्हेंचर गेम सांग ना. मारामारी नको. दचकवणारा नको. डोकं लागलं पाहिजे. आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालला पाहिजे." एका दमात चार अटी. आमच्या घरी स्थळं बघतानाही इतक्या नव्हत्या.

मी मेथी निवडत बसले होते. घरात सगळे झोपलेले, खाली रस्त्यावर एक भंगारवाला ओरडत चाललेला, त्याचाही आवाज पेंगुळलेला. घराण्यात "ती काय ते खूनबिन खेळत बसते" अशी माझी ख्याती असल्यामुळे हे प्रश्न माझ्याकडेच येतात. आणि दर वेळी माझी पंचाईत होते. पुस्तक सुचवता येतं, डॉक्टर सुचवता येतो, चांगला शिंपीसुद्धा एक वेळ सुचवता येईल. पण रहस्याचा गेम सुचवायचा म्हणजे त्यातलं काहीही न सांगता त्यातलं सगळं सांगायचं.

आधी 'ब्लॅक मिरर' सुचला. २००३ च्या सुमाराचा, चेक लोकांनी केलेला, पण गोष्ट इंग्लंडातल्या एका गढीवजा घराची. आजोबा वारतात, नातू बारा वर्षांनी घरी येतो, बाहेर पाऊस, आणि जमलेला प्रत्येक नातेवाईक काहीतरी लपवतोय. यात डार्क ते काय, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. कुठल्याही तेराव्याला हेच असतं. मग 'स्क्रॅचेस' आठवला. अर्जेंटिनातल्या अगदी चिमुकल्या चमूनं केलेला. एक लेखक पुढचं पुस्तक लिहायला एकाकी घरात जाऊन राहतो आणि रात्री कुठूनतरी ओरखडण्याचा आवाज येतो. बस, एवढंच. पण तो आवाज ऐकल्यावर मी पंधरा दिवस आमच्या माळ्यावरच्या उंदरांकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. आणि 'डार्क फॉल', ओसाड रेल्वे स्टेशन, त्याला लागून बंद पडलेलं हॉटेल. बहुतेक सगळं काम एकट्या माणसानं केलेलं, आणि ते एकटेपण त्यात उतरलेलं.

हे गेम लोक रात्री दिवे मालवून खेळतात म्हणे. मी नाही. मी कायम दुपारी खेळत आले. रात्रीला निदान घाबरायची परवानगी असते. भर बाराच्या उन्हात पिंपळाखालून जाऊ नये असं आजी उगाच नव्हती सांगत. दुपारी पडदे ओढले की फटीतून जी एक उन्हाची पट्टी फरशीवर पडते आणि हळूहळू सरकते, तिच्याइतकं भयाण मला काही वाटत नाही. तसंही हा प्रकार घरगुतीच आहे. चित्रं असलेला पहिला ॲडव्हेंचर गेम म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९८० चा 'मिस्टरी हाउस'. रेघोट्यांचं एक घर आणि त्यात एकामागून एक पडणारे मुडदे. रोबर्टा विल्यम्स या बाईंनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रचला असं सांगतात. समोर भाजी होती की नाही ते कुणी नोंदवलेलं नाही.

या खेळांचा खरा नियम एकच: दिसेल ते उचल. गालिच्यावर प्रेत पडलेलं असतं, आणि आपण काय करतो, तर फुलदाणीमागची दोरी गुपचूप खिशात टाकतो. का? येईल कामाला. तुटकी कात्री, अर्धी मेणबत्ती, कुणाच्या तरी चष्म्याची काच, सगळं इन्व्हेंटरीत, म्हणजे खेळातल्या आपल्या पोतडीत. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण मी आजीच्या हाताखाली तयार झालेली.

नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात, माजघराच्या फडताळात, तिचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात मिठाईच्या पुड्यांचे दोरे बोटाभोवती गुंडाळून ठेवलेले. बॉलपेनच्या स्प्रिंगा. ग्राइप वॉटरच्या बाटल्यांची बुचं. किल्ल्या, ज्यांची कुलपं आजोबांच्याही आधी गेली. एक दांडा मोडलेला जर्मनचा चमचा. आम्ही हसलो की ती झाकण लावून म्हणायची, "हसा. अडलं की याल."

आणि अडलंच. मागच्या बिऱ्हाडातल्या काकूंची अंगठी मोरीच्या जाळीतून खाली गेली. दिसत होती, हात पोचत नव्हता. सगळा वाडा मोरीभोवती. अप्पाकाकांनी रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोऱ्याला बांधून सोडलं आणि दहा मिनिटं घाम गाळला. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे त्यांना शेवटी शाळेत जाणाऱ्या मुलीनं सांगितलं. ती मी. त्यानंतर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढ्यात आजी आली, डब्यातून छत्रीची एक काडी काढली, मेणबत्तीचा बुडखा काढला, देवापुढच्या निरांजनावर मेण जरा मऊ केलं, काडीच्या टोकाला थापलं आणि जाळीतून काडी घालून अंगठीवर दाबून धरली. "आता गार होऊ दे. कुणी बोलू नका." बोलण्यानं मेण गार व्हायला काय अडचण होती कोण जाणे, पण वीस माणसं गप्प उभी राहिली. अंगठी वर आली.

पुढं अनेक वर्षांनी 'गॅब्रियल नाइट'चा तिसरा भाग खेळले, १९९९ चा. त्यात एक कुप्रसिद्ध जागा आहे. नायकाला मित्राच्या नावावर मोटरसायकल भाड्यानं घ्यायची असते. त्यासाठी तो दाराच्या भोकाशी चिकटपट्टी लावतो, तिथून मांजर पळवतो, पट्टीला लागलेल्या केसांची मिशी करतो आणि ती पाकातल्यासारख्या चिकट सिरपनं ओठावर डकवतो. कळस म्हणजे मित्राला मिशीच नसते, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही पेनानं मिशी काढतो! या मिशीला जगभरचे खेळाडू अजून शिव्या घालतात. मला ती दुसऱ्या दिवशी सुटली. चिकटपट्टी हातात आल्याबरोबर मला आजी दिसली, आणि आजीनं मांजर सोडलं नसतं.

तर मी कधीच वॉकथ्रू, म्हणजे कोडी कशी सोडवायची ते पायरीपायरीनं सांगणारी उत्तरं, बघत नाही. हा माझा हट्ट आहे, तत्त्व नाही. अडले की अडले. तीन आठवडे एका बंद दारासमोर उभी राहिलेय मी. कुकरच्या शिट्या मोजताना, बसमध्ये, एकदा तर चक्क एका साखरपुड्यात, डोक्यात तेच दार. आणि मग कपडे वाळत घालताना अचानक कळतं की चावी घड्याळात आहे. या आनंदासाठी कुणी पैसे मागितले असते तर दिले असते.

पण भाच्याला खरं सांगायचा गेम एकच होता, आणि तो मी पूर्ण केलेला नाही.

'द लास्ट एक्सप्रेस'. जॉर्डन मेकनरचा, १९९७ चा. त्यावर पाण्यासारखा पैसा खर्च झाला आणि तो बाजारात साफ पडला. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस. तुम्ही चालत्या गाडीत चढता, मित्राच्या डब्यात जाता, तर मित्राचा खून झालेला. इथवर नेहमीचंच. पण या गाडीत घड्याळ चालू असतं. तुम्ही जेवणाच्या डब्यात दोन रशियनांचं बोलणं ऐकत बसलात, तर तिकडं पलीकडच्या डब्यात जर्मन व्यापारी काहीतरी बोलून मोकळा झालेला असतो. ते तुमच्यासाठी थांबत नाही. कुठं उभं राहायचं, कुणाच्या दाराला कान लावायचा, हाच खेळ.

वाड्यात वाढलेल्या पोरांना हे काय नवं? आमच्याकडे नऊ बिऱ्हाडं होती. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलं की दोन घरांतलं ऐकू यायचं, नळाशी उभं राहिलं की तिसऱ्या. कुणाचं लग्न मोडलं, कुणी भाडं थकवलं, हे आम्हाला योग्य वेळी योग्य पायरीवर बसल्यामुळे माहीत असायचं.

अप्पाकाकांनी 'शिक्षणासाठी' घेतलेला पेंटियम संगणक होता, १६ एमबी रॅमचा. वर प्लास्टिकचं कव्हर, पायात चप्पल घालून खोलीत यायचं नाही, दसऱ्याला कीबोर्डवर झेंडूचं फूल. चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सीड्या त्याच्या मित्राच्या. माऊस माझ्या हातात आणि दोनशे पानी वही त्याच्या मांडीवर. वहीत त्यानं रकाने आखले होते: वेळ, डबा, कोण, काय बोललं. रशियन, फ्रेंच, जर्मन जे कानावर पडेल ते देवनागरीत लिहायचा, आणि खाली माझी चिडचिडही लिहायचा. 'सात वाजून दहा. व्हायोलिनवाली बाई डब्यात परतली. ताईसाहेबांनी चुकीचं दार उघडलं.' मी धाकटी असून तो मला ताईसाहेब म्हणायचा, टोमणा म्हणून. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची, यूपीएस कोकलायचा, पण या गेमचं एक बरं होतं, घड्याळ मागं फिरवता यायचं. लाइट आली की गाडी तिथंच उभी.

गेम तीन सीड्यांचा. दोन झाल्या. पडद्यावर तिसरी मागितली. भाऊ सायकल काढून मित्राकडे गेला आणि तासाभरानं रिकाम्या हातानं आला. मित्राच्या आईनं गॅलरीत कबुतरं येऊ नयेत म्हणून चकाकणाऱ्या चार सीड्या दोऱ्यानं टांगल्या होत्या. आमची तिसरी त्यातली एक. महिनाभर उन्हापावसात गरगर फिरलेली. आणली, पुसली, घातली. संगणकानं घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज केला आणि बाहेर काढली. कबुतरं मात्र येतच होती म्हणे.

आमची गाडी कॉन्स्टँटिनोपलला पोचली नाही. अजूनही नाही. पुढं तो गेम फोनवरसुद्धा मिळायला लागला, पण मी घेतलेला नाही.

भाच्याला मी शेवटी 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' लिहून पाठवला. लुकास पोपचा, २०१८ चा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चित्रं, जुन्या लॅपटॉपलाही झेपेल. १८०७ साल, म्हणजे आपल्याकडे दुसरा बाजीराव गादीवर असताना, ईस्ट इंडिया कंपनीचं एक बेपत्ता जहाज परत येतं, वर माणूस नाही. आपण विम्याचे तपासनीस. साठ जण कोण आणि त्यांचं काय झालं ते एका खिशातल्या घड्याळाच्या मदतीनं शोधायचं. घड्याळ मरणाचा क्षण दाखवतं, नाव सांगत नाही. नाव आपण बोलण्याच्या लकबीवरून, कपड्यांवरून, कोण कुठं झोपतो यावरून काढायचं. खलाशांत काही हिंदुस्थानीही आहेत. इतकं सगळं मी मेथीच्या हिरव्या बोटांनी टाइप केलं.

उत्तर लगेच आलं. "अगं तो मी यूट्यूबवर बघितलाय. पूर्ण. दीडपट स्पीडनं."

बघितलाय. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं खूप होतं.

मग त्याला 'लास्ट एक्सप्रेस'चं सांगितलं, सीडी आणि कबुतरांसकट. त्यानं हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. "मावशी, शेवट सांगू का बघून? दोन मिनिटांचं काम आहे."

शेवट तसा मलाही माहीत आहे, शाळेच्या पुस्तकातला. गाडी पॅरिसहून निघते २४ जुलैला, आणि २८ ला ऑस्ट्रिया सर्बियावर युद्ध पुकारतो. त्या गाडीत ऑस्ट्रियन आहेत, सर्ब आहेत, जर्मन, रशियन, फ्रेंच सगळे आहेत, आणि एके संध्याकाळी त्यातले बरेचजण एका डब्यात बसून व्हायोलिन ऐकतात. आमच्या वहीत ती संध्याकाळ पान पंचेचाळीसवर आहे. 

"नको," मी लिहिलं.

"बरं. मग मामाला विचारू? त्यानं केला असेल पूर्ण."

वाडा पाडून अकरा वर्षं झाली. बिल्डरनं कुणाला किती चौरस फूट दिले, कुणी कुठं सही केली, ते सगळं झालं. आजीचा डबा कुणी टाकला यावरही घरात दोन मतं आहेत. वही त्याच्याकडे आहे. असावी.

भाच्याच्या नावाखाली 'टायपिंग' दिसत होतं. मी "विचार" एवढंच लिहिलं. त्याच्यापुढं "मी सांगितलं म्हणू नकोस" असं लिहिलं होतं, ते पुसलं. मग पाठवलं. मेथीची अर्धी जुडी अजून बाकी होती.