आधी कोणाला घ्यावे, त्याआधी कोणाला सोडावे

तुम्ही विचारलेत म्हणून हे सविस्तर लिहितो. “इतका पैसा ओतूनही मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधील फुटबॉल क्लब का सुधारत नाही, आणि कारभार तुमच्या हाती दिला तर तुम्ही आधी कोणाला घ्याल?” असा हा प्रश्न आहे. सोसायटीतील मुले तो विचारतात, कार्यालयातील सहकारी विचारतात आणि एरवी क्रिकेटपलीकडे न पाहणारे नातेवाईकही लग्नकार्यात गाठ पडली की विचारतात. त्यांना एखादे नाव ऐकायचे असते. माझे उत्तर मात्र नावापासून सुरू होत नाही. कारभार माझ्या हाती आला, तर संघात कोण किती पगारावर आणि किती वर्षांच्या कराराने बसला आहे आणि त्यांतील कोणी जायला हवे, हे ठरल्याखेरीज मी एकाही नव्या खेळाडूच्या करारावर सही करणार नाही.

परिस्थिती किती बिघडली होती, हे आधी सांगायला हवे. दीर्घकाळ प्रशिक्षक असलेले सर ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा संघ ८९ गुणांसह प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचा, विजेता होता आणि ते क्लबचे विसावे लीग विजेतेपद होते. त्यानंतर बारा वर्षांनी, २०२४-२५ च्या हंगामात, हाच संघ ३८ सामन्यांपैकी १८ हरला आणि ४२ गुणांवर, पंधराव्या स्थानी राहिला. मधल्या काळात पैशाची टंचाई कधीच नव्हती. पॉल पोग्बासाठी २०१६ मध्ये ८.९ कोटी पौंड मोजले गेले, २०१९ मध्ये हॅरी मॅग्वायरसाठी ८ कोटी आणि २०२२ मध्ये अँटनीसाठी ८ कोटींहून अधिक. म्हणजे दुखणे खिशाचे नाही, खर्चाच्या पद्धतीचे आहे.

या पद्धतीचा पहिला दोष असा, की प्रत्येक प्रशिक्षकाने आपल्या मनातला संघ बांधायला घेतला आणि तो अर्धवट राहिला असताना दुसरा आला. डेव्हिड मॉईस, लुई व्हान हाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शार, एरिक टेन हाग आणि रुबेन अमोरिम, अशा सहा जणांची २०१३ ते २०२४ या काळात कायमस्वरूपी नेमणूक झाली. व्हान हाल यांना चेंडू पायात राखणारे, सबुरीने खेळणारे खेळाडू हवे होते. मोरिन्यो यांना उंच, ताकदवान आणि प्रतिहल्ल्यावर धावणारे. अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले ते तीन बचावपटू आणि दोन्ही बाजूंनी सतत वरखाली धावणारे विंगबॅक यांवर उभी असलेली रचना घेऊन, आणि त्यांच्या हाती पडलेल्या संघात बाजूने हल्ला चढवणारे विंगर भरपूर होते, पण त्या कामाचा विंगबॅक जवळपास नव्हताच. मोठ्या क्लबमध्ये खेळाडू साधारण चार-पाच वर्षांच्या करारावर येतो आणि प्रशिक्षक दोन-अडीच वर्षांत जातो. त्यामुळे कोणत्याही दिवशी संघाची यादी पाहिली, तर तीत तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवडीनिवडी एकत्र नांदताना दिसतात. फुटबॉल संचालक हे पद या क्लबने २०२१ पर्यंत निर्माणच केले नव्हते, हे मला आजही फार गंभीर वाटते. प्रशिक्षक बदलला तरी खेळण्याची पद्धत बदलणार नाही, हे सांगण्याचा अधिकार असलेला माणूस आधी हवा, खेळाडू नंतर.

दुसरा दोष पगाराचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा हाच. खेळाडूची किंमत एकदाच द्यावी लागते, पण पगार दर आठवड्याला आणि ड्रेसिंग रूममधील प्रत्येकाच्या डोळ्यांवर येतो. २०१८ च्या जानेवारीत ॲलेक्सिस सांचेझ आर्सेनलकडून आला, तो हेनरिख मखितारियानच्या बदल्यात. त्यामुळे कागदावर व्यवहार स्वस्त दिसत होता. प्रत्यक्षात त्याचा पगार लीगमधील सर्वांत मोठ्या पगारांपैकी एक होता. पुढच्याच वर्षी त्याला लोनवर, म्हणजे उसना म्हणून, इंटर मिलानला पाठवावे लागले आणि २०२० मध्ये तो पूर्णपणे सुटला. ज्याचा पगार अवाच्या सवा आहे, तो खेळला नाही तरी जात नाही, कारण तेवढा पगार दुसरा कोणी देत नाही. जेडन सँचो २०२१ मध्ये ७.३ कोटी पौंडांना घेतला गेला आणि पुढे डॉर्टमुंड, चेल्सी, ॲस्टन व्हिला असा लोनवर फिरत राहिला.

याचा परिणाम असा होतो, की ज्यांना जाऊ द्यायला हवे ते राहतात आणि जे राहायला हवेत तेच विकले जातात. इंग्लंडमधील आर्थिक नियमांचा येथे थेट संबंध आहे. विकत घेतलेल्या खेळाडूची रक्कम हिशेबात कराराच्या वर्षांवर वाटली जाते. त्यामुळे त्याला लवकर विकले, तर उरलेली रक्कम वजा करूनच नफा धरता येतो. क्लबच्या अकादमीत, म्हणजे घरच्याच प्रशिक्षण केंद्रात, वाढलेल्या मुलावर अशी रक्कम चढलेलीच नसते, म्हणून त्याच्या विक्रीतून येणारा पैसा जवळजवळ सगळाच नफा ठरतो. या नियमांनी घातलेली तोट्याची मर्यादा जवळ आली, की हिशेबनिसाची नजर घरच्या मुलांकडे वळते. स्कॉट मॅकटॉमिने लहानपणापासून या क्लबमध्ये वाढला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याला सुमारे अडीच कोटी पौंडांना नापोलीला विकले गेले आणि पहिल्याच हंगामात तो इटलीचा विजेता आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोलरक्षक डीन हेंडरसन क्रिस्टल पॅलेसला गेला आणि २०२५ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीची पेनल्टी अडवून त्याने त्या क्लबला पहिला मोठा करंडक मिळवून दिला. हे सामने मी पाहिले, त्या मुलांसाठी मनापासून आनंद झाला आणि आपल्या क्लबने काय गमावले याचे दुःखही तितकेच झाले. ही माणसे नालायक नव्हती. इतरांपेक्षा कमी पगारावर होती, म्हणून ती विकता येत होती, एवढेच.

तिसरा दोष घाईचा, तहान लागल्यावर विहीर खणण्याचा. मॉईस यांच्या पहिल्याच उन्हाळ्यात, २०१३ मध्ये, मारुआन फेलायनी जुलैअखेरपर्यंत करारातील कलमानुसार कमी रकमेत मिळू शकत होता. क्लबने ती मुदत जाऊ दिली आणि ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीविक्रीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी अधिक पैसे मोजून तोच खेळाडू घेतला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या दोन सामन्यांत ब्रायटनकडून आणि मग ब्रेंटफर्डकडून ४-० असा पराभव झाला, आणि त्यानंतरच्या तीन आठवड्यांत कासेमिरो आणि अँटनी आले. कासेमिरोने पहिल्या हंगामात जे दिले, ते मी नाकारत नाही. २०२३ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचा होता आणि त्या हंगामात मधली फळी त्याच्यामुळेच उभी होती. पण तिशी गाठलेल्या मधल्या फळीतील खेळाडूला चार वर्षांचा करार देणे म्हणजे शेवटच्या दोन वर्षांचा पैसा पहिल्या वर्षासाठी खर्च करणे.

६ मे २०२४ चा क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा सामना ज्यांनी पाहिला, त्यांना मला काय म्हणायचे आहे ते लगेच कळेल. दुखापतींमुळे कासेमिरोला बचावफळीच्या मध्यभागी खेळावे लागले होते. मायकेल ओलिसेने मैदानाच्या मध्याजवळ चेंडू घेतला, कासेमिरो त्याला अडवायला पुढे आला आणि ओलिसे त्याच्या बाजूने असा निघून गेला, की कासेमिरोचे शरीर वळेपर्यंत मधे मोकळे मैदान पडले होते. संघ ४-० असा हरला. त्या रात्री अनेकांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले. माझा राग मात्र त्याच्यावर नव्हता, तर त्याची जागा घेणारा तरुण दोन वर्षे न शोधणाऱ्यांवर होता.

हे सारे दूरच्या, श्रीमंत क्लबचे दुखणे आहे, असे वाटत असेल तर पुण्यातील बालेवाडी आठवा. आपला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामापासून होता. पहिल्या वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे आला, दुसऱ्या वर्षी रोमानियाचा एड्रियन मुतू, आणि तिसऱ्या वर्षी आइसलँडचा आयदुर गुडयॉनसन जाहीर झाला, पण दुखापतीमुळे हंगामापूर्वीच बाहेर पडला. प्रशिक्षकही दर हंगामाला नवे होते: कोलोंबा, प्लॅट, हबास. तीन हंगामांत संघ एकदाही उपांत्य फेरीत गेला नाही. बालेवाडीचे ते स्टेडियम ॲथलेटिक्सचे. धावपट्टीमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसतात, पण त्या लांबून संघाची ठेवण फार स्पष्ट दिसते. पेनल्टी क्षेत्रात मोठ्या नावाचा आघाडीपटू चेंडूची वाट पाहत उभा आहे आणि त्याच्या मागे चाळीस पावले कोणीच नाही, हे चित्र तेथे वारंवार पाहिले. २०१७-१८ मध्ये रांको पोपोविच यांच्या हाताखाली हा संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. त्या वर्षीचे दोन्ही प्रमुख आघाडीपटू, मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो, याच लीगमध्ये आधी खेळून सिद्ध झालेले होते, आणि त्यांच्यासोबत आशिक कुरुनियन आणि गोलरक्षक विशाल कैथ यांसारखी तरुण भारतीय मुले होती. पुढच्याच हंगामात पोपोविच नव्हते, नव्या प्रशिक्षकाला तीन सामन्यांनंतर काढले गेले, आणि २०१९ मध्ये क्लबच बंद झाला.

त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. पुण्यातील आम्हा पाठीराख्यांना हा घाव मोठा होता, तरी त्या संघाकडे मी लक्ष ठेवून राहिलो, कारण पुनर्बांधणी कशी करावी याचे इतके स्वच्छ उदाहरण भारतात दुसरे मला माहीत नाही. पहिल्या हंगामात तो १० गुणांसह तळाला होता. त्यानंतर मानोलो मार्केझ आले; परदेशी खेळाडूंची जवळपास सगळी फळी बदलली गेली, आकाश मिश्रा आणि आशिष राय या कोवळ्या मुलांना दोन्ही बगलांवर सलग खेळवले गेले, आणि अनुभवी लक्ष्मीकांत कट्टीमणी, पुण्याहून गेलेला निखिल पुजारी असे मोजके जुने खेळाडू राखले गेले. दुसऱ्या वर्षी संघ पाचवा आला. नेमका गोल करणारा बार्थोलोम्यू ओगबेचे त्यानंतर, तिसऱ्या वर्षी, घेतला गेला, आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात केरळ ब्लास्टर्सविरुद्ध कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवून विजेतेपद आणले. तळाला असताना जो गोलरक्षक होता, तोच विजेता होतानाही होता. पुढे तेथे पगार थकले, खेळाडू एकामागून एक निघून गेले आणि २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा तळाला गेला. अंथरूण पाहून पाय पसरणे हे मैदानावरील कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे त्या क्लबने दोन्ही बाजूंनी दाखवले.

युनायटेडच्या जुन्या इतिहासातही हाच क्रम सापडतो. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. १९८९ मध्ये त्यांनी पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या प्रेक्षकांच्या अत्यंत लाडक्या खेळाडूंना जाऊ दिले. स्टीव्ह ब्रूस १९८७ मध्ये आला, गॅरी पॅलिस्टर १९८९ मध्ये, डेनिस अर्विन १९९० मध्ये, गोलरक्षक पीटर श्मायकेल १९९१ मध्ये. एरिक कँटोना नोव्हेंबर १९९२ मध्ये, सगळ्यांत शेवटी आला आणि १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग जिंकली. मागून पुढे असे ते बांधकाम होते आणि त्याला सहा वर्षे लागली. मधल्या १९८९-९० च्या हंगामात संघ तेरावा होता, तरीही संचालकांनी त्यांना काढले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात क्लबने मातेउस कुन्या, ब्रायन एमबेउमो आणि बेंजामिन शेश्को या तीन आघाडीपटूंवर सुमारे २० कोटी पौंड खर्च केले. कुन्या आणि एमबेउमो याच लीगमध्ये तावूनसुलाखून निघालेले आहेत, म्हणून त्या दोन खरेद्या मला पटतात. क्रम मात्र पटत नाही. गोलरक्षक सेने लामेन्स विंडोच्या अखेरच्या दिवशी आला आणि मधल्या फळीसाठी कोणीच आले नाही. ब्रुनो फर्नांडिसला त्याच्या नेहमीच्या जागेपेक्षा मागे खेळवून ती उणीव झाकली गेली, आणि त्यामुळे संघाने आपला सर्वांत सर्जनशील माणूस प्रतिस्पर्ध्याच्या गोलपासून दूर नेऊन ठेवला.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यायचे झाले, तर मला मधल्या फळीत दोन माणसे हवी आहेत. एक, बचावफळीपुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा, वय बावीस ते पंचवीस, आणि कोणत्याही चांगल्या लीगमध्ये किमान दोन हंगाम पूर्ण खेळलेला. दुसरा, त्याच्या शेजारी दोन्ही पेनल्टी क्षेत्रांमध्ये धावू शकणारा. दोघांचाही पगार संघातील सध्याच्या सर्वोच्च पगाराच्या बराच खाली असायला हवा, आणि तो मान्य नसणाऱ्याशी बोलणी तेथेच थांबवायला हवीत. असा माणूस या विंडोत मिळाला नाही, तर मी तिसऱ्या पसंतीचा विकत घेणार नाही. २०२४ च्या एफए कप अंतिम सामन्यात सिटीविरुद्ध विजयी गोल करणारा, अकादमीत वाढलेला कोबी मेनू संघात आहे. त्याला त्या जागेवर सलग वीस सामने देईन, त्याच्या विक्रीबद्दल येणारा प्रत्येक फोन नाकारीन आणि पुढच्या विंडोपर्यंत थांबेन.