फोनच्या पडद्यातला निळा टिकत का नाही?

इरिडियमचा हिरवा कॉम्प्लेक्स (धातूभोवती सेंद्रिय रेणू बांधलेलं संयुग) टोल्युइन या द्रावकात विरघळवून यूव्ही टॉर्चखाली धरला, तर बाटली मरगळलेलीच दिसते. मग सुईने नायट्रोजन सोडायचा. बुडबुडे येत राहतात आणि बघता बघता अख्खी बाटली हिरवीगार पेटते. ट्रिप्लेट, म्हणजे रेणूची जास्त वेळ टिकणारी उत्तेजित अवस्था, गिळणारा ऑक्सिजन निघून गेलेला असतो. लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी आधी हे दाखवते, समीकरणं नंतर.

ओएलईडीत, म्हणजे फोनच्या पडद्यातल्या सेंद्रिय एलईडीत, विजेने तयार होणाऱ्या उत्तेजित अवस्थांपैकी साधारण ७५ टक्के ट्रिप्लेट असतात. साध्या सेंद्रिय रेणूत त्या बहुतांशी उष्णतेत वाया जातात. जड इरिडियम असला की त्यांच्याकडूनही प्रकाश मिळतो. फॉरेस्ट आणि थॉम्पसन या संशोधकांच्या गटांनी १९९९ मध्ये हाच हिरवा कॉम्प्लेक्स, आयआर-पीपीवाय-थ्री, वापरून दाखवला. लाल-हिरव्याचं मार्गी लागलं. निळा मात्र अडला तो अडलाच, म्हणून बहुतेक फोनमध्ये निळा पिक्सेल वर्षानुवर्षं फ्लुओरेसंटच, म्हणजे ट्रिप्लेटचा फारसा उपयोग न करणारा, राहिला.

निळ्याच्या फोटॉनला सुमारे २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. इतक्या उंचीवरून धातूची डी-डी अवस्था, म्हणजे बंध सैल करणारी उत्तेजित अवस्था, फार लांब नसते. खोलीतल्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन तिथे चढतो, इरिडियम-नायट्रोजन बंध ताणला जातो आणि लिगंड (धातूला बांधलेला सेंद्रिय रेणू) सुटतो. त्यात एखादा ट्रिप्लेट शेजारच्या चार्जला धडकला, की ऊर्जा जवळपास दुप्पट. कुठला बंध टिकणार?

रंग निळा करायला लिगंडवर फ्लोरिन लावायची जुनी युक्ती मला कधीच पटली नाही. एफआयआरपिक या इरिडियमच्या निळ्या कॉम्प्लेक्समध्ये तेच केलंय. दिसतो सुंदर आकाशी, पण डिव्हाइस चालू राहिलं की फ्लोरिन तुटतो, पिकोलिनेट हा त्यातला दुसरा लिगंडही निसटतो. त्यापेक्षा कार्बनमधून धातूला जोडणारे कार्बीन लिगंड बरे. धातूला घट्ट धरतात आणि ती नतद्रष्ट डी-डी अवस्था वर ढकलतात. बनवायला कटकट आहे: फॅक आणि मेर, म्हणजे लिगंडांची मांडणी वेगळी असलेले दोन्ही आयसोमर एकत्र येतात, आणि ते वेगळे करताना गाळणीच्या कॉलमपाशी दिवस जातो. माझा कल सध्या प्लॅटिनमकडे आहे. एकच लिगंड चारही बाजूंनी धातूला बांधतो, त्यामुळे एक बंध सुटला तरी तुकडा लांब जात नाही, परत जोडला जायची शक्यता राहते.

पेपर हातात आला की मी एफिशियन्सीचा आलेख सोडून आधी एलटी-९५ शोधते, म्हणजे चमक ९५ टक्क्यांवर यायला किती तास लागले. पुष्कळदा तो आकडा पेपरच्या सप्लिमेंटरी जोडपत्रात तळाशी सापडतो, तोही १०० निट्सला (निट हे चमकेचं एकक) मोजलेला. उन्हात फोन बघणाऱ्याला १०० निट्सचं काय करायचंय?